मोकलकाका आणि न आलेलं जहाज

मोकलकाकांना बोट लागायची. आता एखाद्या किराणावाल्याला किंवा पोस्टमनला बोट लागली तर कोणाचं काय जातं? पण मोकलकाकांचा धंदाच मुळी लाँचमध्ये बसून जहाजांवर जायचा. धरमतरच्या धक्क्यावरून लाँच सुटली की खाडी संपेपर्यंत गडी मजेत असायचा, लाँचवाल्याची टर उडवायचा. रेवस मागे पडून पाणी हलायला लागलं की तोंडात आलेपाकाची वडी धरून डोळे मिटून बसायचा. परत यायचे ते पिवळ्या चेहऱ्याने आणि ओल्या शर्टाने. मी म्हणायचे, "काका, कशाला हो धरलात हा धंदा?" तर म्हणायचे, "मी कुठं धरलाय गो? त्यानंच मला धरलाय."

गेल्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून ऑफिसात कोणी आलेपाक खाल्ला तरी मला राग येतो. राग का येतो ते विचारू नका, येतो.

आमचं ऑफिस पेणला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्यावर. मोठे साहेब मुंबईला आणि इथे आम्ही दोघं. जहाजांचे कस्टमचे कागद करून देणं हे आमचं काम. मी कॉम्प्युटरवर कागद बनवायचे आणि काका ते घेऊन जहाजावर चढायचे, कॅप्टनच्या सह्या घ्यायचे, कस्टमच्या अधिकाऱ्याला दाखवायचे. याला बोर्डिंग क्लार्क म्हणतात. काका मूळचे कासूचे. भाताची आणि वालाची शेती, घरात कोणी समुद्राचं तोंड पाहिलेलं नाही. शेजारच्या कोणीतरी तरुणपणी नोकरीला चिकटवून दिलं आणि मग तिथेच राहिले.

कस्टमचा कायदा त्यांच्या अंगात असा मुरला होता की बाई गं! पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं, "जहाज डोल्यांनी दिसलं म्हंजे आलं असं नाय. आपण लिवून देतो तवा ते येतं. तोवर तिथं निस्तं पाणी हाय." मी हसले. तर रागावले. म्हणाले, "हसतेस काय? ह्याच्यावर माझी चूल पेटते."

पण गंमत अशी की हा कायदा त्यांनी जगण्यालाही लावला होता. कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. आतून कोणीतरी "या" म्हटल्याशिवाय पाय आत टाकायचे नाहीत. मुलासाठी रोह्याला मुलगी बघायला गेले, तेव्हाची गोष्ट त्यांच्या बायकोनेच मला सांगितली. सगळी मंडळी आत जाऊन पाणी प्यायली, पोहे आले, आणि नवऱ्यामुलाचा बाप बाहेर उन्हात उभा. मुलीचे वडील परसात फोनवर बोलत होते ना, मग "या" कोण म्हणणार! शेवटी मुलीनेच खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "या की आत." काका आत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पोरगी पसंत." बाकीच्यांनी अजून तिला धड पाहिलीही नव्हती.

"आमच्याकडं पन तसंच," काकी म्हणाल्या. "एकदा भांडान झालं, मी मुद्दाम या म्हटलंच नाय. बसले पायरीवर. मंग शेजारीण म्हणाली, घे गो बाय घरात, लोक हसतात."

तर अशा माणसाच्या वाट्याला ते केबलचं जहाज आलं. आलं म्हणजे, आलं नाही. तेच तर सांगायचंय.

समुद्राच्या तळाशी केबल असतात, त्यातून आपलं इंटरनेट आणि परदेशचे फोन चालतात. त्यातली एक तुटली होती. ती वर ओढून जोडायला परदेशी जहाज दसऱ्याच्या सुमारास किनाऱ्यापासून लांब, बंदराच्या हद्दीबाहेर येऊन उभं राहिलं. काम करायला दिल्लीतल्या चार-पाच खात्यांची परवानगी लागते. हे खातं म्हणे त्याने दिली की आम्ही देऊ, ते म्हणे याने दिली की आम्ही. दिवाळी गेली. संक्रांत आली. जहाज तिथेच.

मी एकदा साहेबांना फोनवर विचारलं, की मग जहाज बंदरात आणून तरी ठेवा, बिचारे उतरतील तरी. साहेब म्हणाले, "सुरेखा, एकदा आलं म्हणून लिहून दिलं की त्यावरचं डिझेल, सुटी केबल, स्वयंपाकघरातला तांदूळ, सगळं आयात झालं. त्याची ड्यूटी सुरू. आणि दिल्लीच्या कागदाशिवाय आलं तर मग ते अडकलंच. ना काम करता येणार, ना परत जाता येणार. त्यापेक्षा बाहेर उभं असलेलं बरं." साहेबांचं चूक नव्हतं. तेच तर वाईट आहे, या सगळ्या प्रकरणात कोणाचं चूक नव्हतं.

जहाजावरच्या लोकांना मात्र जमिनीला पाय लावायची सोय नाही. न आलेल्या जहाजातून माणूस उतरणार कुठून? ते तिकडे डेकवर फेऱ्या मारायचे आणि काका दर आठवड्याला ओकत ओकत त्यांना भाजी पोचवायचे. त्या भाजीचेही कागद व्हायचे. पेणच्या बाजारातली वांगी, गवार, कोथिंबीर, सगळी रीतसर निर्यात! एकदा वांगी किडकी निघाली म्हणून कूक परत देऊ लागला. काका हात जोडून म्हणाले, "बाबा, दर्यात टाक. परत नेली तर आयात होतील." हे मला सांगताना स्वतःच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या कूकचं आणि काकांचं मस्त जमलं. डोमिंगो त्याचं नाव, फिलिपिन्सचा, काकांच्याच वयाचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे काही अडत नव्हतं. काका चढले की तो आधी त्यांना बसवून भाताची गरम पेज पाजायचा, पोट ठिकाणावर आणायचा. काका घरून वालाचं बिरडं न्यायचे. एकदा डोमिंगोने काकींसाठी केक केला, कागदात गुंडाळून दिला. झाली पंचाईत! जहाजावरून उतरणारी वस्तू म्हणजे पुन्हा तेच. नाही म्हणावं तर त्याचं मन मोडतं. काका तिथेच डेकवर बसले आणि बायकोच्या नावाने तो अख्खा केक खाल्ला. परतीच्या वाटेवर जे व्हायचं ते झालं. घरी जाऊन काकींना म्हणाले, "तुझा केक मी दर्याला दिला." काकी चार दिवस बोलल्या नाहीत.

जहाजावर एकच माणूस आपल्याकडचा होता. विलास हिलम. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठच्या आदिवासी वाडीतला पोरगा. लहानपणी नदीत बुड्या मारून मासे धरायचा, मग कुठल्याशा संस्थेने शिकवलं, डेकवर खलाशी म्हणून लागला. वाडीतला पहिलाच. बाप नाही. आई चांगुणाबाई जन्मभर लोकांच्या शेतात राबलेली. जहाजाच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज यायची. तिथे उभं राहून तो रोज आईशी बोलायचा.

संक्रांतीनंतर ती आजारी पडली. दवाखान्यात ठेवली, मग डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, पोराला बोलवायचं तर लवकर बोलवा. विलासने काकांचे पाय धरले. काकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "म्हातारी त्याला फोनवर काय इचारते ठाव हाय? म्हणते, तू दर्यात हाईस नं, मंग दर्या आपल्याच नदीला मिलतो. पोहत ये. ल्हानपणी यायचास तसा ये."

कॅप्टन माणूस चांगला होता. त्याने कंपनीकडून एवढं मिळवलं की पुढच्या आठवड्यात जहाज कोलंबोला जाईल, ज्यांची मुदत संपली त्या सगळ्यांना तिथे उतरवू, नवे घेऊ. जहाजावर आनंदीआनंद. डोमिंगोने म्हणे पिशवी भरूनही ठेवली. विलासही कोलंबोला उतरून विमानाने येणार होता. पण म्हातारी तेवढी थांबेल असं कोणी म्हणत नव्हतं. काका कस्टमच्या अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "मोकल, तुम्हीच मला सांगा. जहाज आलेलं नाही. मी कोणाला उतरवू?" मुंबईला फोन केला. साहेब म्हणाले, "वाईट वाटतं, पण नाही." मग काका माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिले. डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. कॅप्टनला फोन लावून सांगितलं, "कागद झाले. जहाज हद्दीत घ्या." आणि जहाज आल्याचं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. मला म्हणाले, "तू आज घरी जा गो, डोकं दुखतंय असं सांग." मला काही कळलंच नाही, मी गेले.

जहाज आत आलं. अधिकारी चढले, मोजदाद झाली, कोठारांना सील लागलं, विलासच्या कागदावर शिक्का बसला आणि दुपारी तो काकांच्या लाँचमधून धरमतरला उतरला. धक्क्यावर उभी रिक्षा, रिक्षातून पेण, तिथून रोहा. इकडे संध्याकाळी प्रश्न आला, की दिल्लीची परवानगी कुठे आहे? ती नव्हतीच! मग कसलं कोलंबो आणि कसलं काय. जहाज जागेवर अडकलं, बाकीच्यांचं उतरणंही बंद झालं, आणि पुढच्या आठवड्यात सुटणारी ती सगळी माणसं त्याच्या पोटात अडकली.

साहेब मुंबईहून आले. काकांना काढलं, कस्टमने जहाजावर चढायचं कार्ड जमा करून घेतलं. साहेब ओरडत होते, "मोकल, का केलंत? सांगा तरी!" काका विलासचं नावसुद्धा बोलले नाहीत. "मी केलं, सायेब. मला ठाव होतं काय होनार ते." एवढंच. मला रडू फुटलं आणि रागही आला. म्हटलं, बोला ना, त्या पोरासाठी केलं म्हणून सांगा ना! पण ते कागदांची पिशवी टेबलावर ठेवून जिना उतरून गेले.

आणि कप्पाळ माझं, म्हातारी मेलीच नाही! विलास दारात उभा राहिला, तिने डोळे उघडले, पेज मागितली. डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. वाडीतल्या लोकांनी धरली. ती भिंतीला टेकून बसायला लागली आणि पोराला सांगायला लागली, "ज्यानं तुला आनला त्या मानसाला मला दाव."

विलास कासूला दोनदा जाऊन आला. काका त्याच्याशी नीट बोलले, जेवू घातलं, पण रोह्याला येतो म्हणाले नाहीत. मग मला काकींचा फोन आला. "सुरेखा, ह्यांचं डोकं फिरलंय. गावाच्या शिवेबाहेर पाऊल टाकत नाय. नातीच्या बारशाला रोह्याला आले नाय, सून रडली. म्हणतात, ती पोरं खाली उतरत नाय तोवर मी कासू सोडनार नाय."

मी गेले भांडायला. काका वालाच्या रानात बसले होते. मी म्हटलं, "हा काय वेडेपणा? तुम्ही इथे बसून त्यांची सुटका होणार आहे का?" म्हणाले, "नाय."

"मग?"

"मी त्यांना इचारलं नाय गो. एकाला सोडवायचा तर बाकीच्यांना कोंडायचं का, हे त्या पोरांना इचारायला पायजे होतं. डोमिंगोनं पिशवी भरली होती. त्याला इचारलं असतं तर तो हो पन म्हनला असता. पन मी इचारलं नाय." आणि वालाच्या शेंगा तोडत राहिले. मी तिथे बांधावर बसून खूप बोलले. शेवटी शेंगांची पिशवी घेऊन परत आले.

आंबे पिकायला लागले तेव्हा कुठे दिल्लीचा कागद आला. काकांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने सगळं रीतसर केलं, दंड कंपनीने भरला, केबल जोडली गेली आणि माणसं उतरून आपापल्या देशी गेली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कासूला पळाले. "काका, सुटले! सगळे घरी गेले!"

ते उठून उभे राहिले. चेहरा असा उजळला की मला वाटलं झालं एकदाचं. मग विचारलं, "डोमिंगो?"

आता मला खोटं बोलता येत नाही, हा माझा शाप. म्हटलं, "डोमिंगोने पुन्हा करार केला, काका. त्याच जहाजावर राहिला. स्वतःच्या मर्जीने राहिला हो!"

"तुला कोन बोललं मर्जीनं?"

"ऑफिसात बोलत होते."

"त्याला इचारलं कोनी?"

ते पुन्हा खाली बसले. "मंग सगले नाय सुटले," म्हणाले. मला इतका संताप आला की मी पाणीही न पिता स्टेशनवर आले. गाडीत बसून विलासला फोन लावला आणि सगळं ओकले. तो नुसता हूं हूं करत होता. दोन दिवसांनी त्याचाच फोन. "मॅडम, आई ऐकत नाय. म्हणते तो येत नाय तर मला ने. रविवारी आनतो. त्यांना स्टेशनवर तेवढं घेऊन या."

स्टेशन कासूच्या शिवेतच, त्यामुळे काकांना तिथे आणणं सोपं होतं. एवढं एक खोटं कसंबसं जमवलं, म्हटलं, माझं सामान यायचंय, जड आहे, मदतीला चला. आले बिचारे. रोह्याकडून गाडी आली आणि विलासने दोन्ही हातांवर उचलून आईला खाली उतरवली. केवढीशी ती! मूठभर जीव आणि नवं कोरं लुगडं. त्याने तिला बाकावर बसवली. काकांनी विलासला पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर फिरवली.

"ह्यो का तो?" म्हातारीने विचारलं.

"व्हय आये."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझा पोर आला. आन तू असा कोंडून घेतलास व्हय रं?"

काका चाचरत म्हणाले, "आये, माझ्यापायी बाकीची मानसं अडकली. त्यांतला एक अजून जहाजावरच हाय."

"त्याला आई हाय?"

"ठाव नाय."

"इचारलं नायस?"

काकांची मान खाली गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण म्हातारी पुढे वाकली आणि तिने त्यांच्या मनगटाला हात घातला. "त्याला नाय इचारलंस. मला तरी इचार. मला काय पायजे ते इचार."

विलास दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी काका म्हणाले, "काय पायजे, आये?"

"माझं झालंय आता. मला जायचं हाय. तू हितं बसलास तर मी जाऊ कशी? माझी वाट अडवून बसलास तू. माझ्या घरी चल, माझ्या हातची पेज खा. मंग मी मोकली."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि रडले. साठी ओलांडलेला माणूस, स्टेशनवर, लोकांसमोर. म्हातारीने त्यांना रडू दिलं. तिने पदराच्या गाठीतून तंबाखू काढली, मळली आणि तोंडात टाकली.

रोह्याला जाणारी गाडी आली. कासूला गाडी थांबते ती नावाला. विलासने आईला उचलून आत ठेवलं, ती दारातच बसून राहिली. गार्डची शिट्टी झाली तरी काका बाकावरच. म्हातारीने हात बाहेर काढला. नुसता काढून धरला. काका उठले. गाडी हलली होती. त्यांनी दांडी धरली, विलासने त्यांना दंडाला धरून ओढलं आणि ते आत गेले.

मी मागे धावले. "काका, तिकीट! अहो, तिकीट नाही काढलंत!"

ते दारात म्हातारीशेजारी बसले होते. तिने त्यांचा हात सोडला नव्हता. वाऱ्याने केस उडत होते आणि चेहरा जहाजावरून परत येताना असायचा तसा पार पिवळा पडला होता. मला वाटलं उडी मारतात की काय.

"ऱ्हाऊ दे गो!" ते ओरडले. आणि मोकलकाका बिनतिकीट रोह्याला गेले.